दोघांनी फिरायला जाण्याची बखर

खारघरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास पांडवकड्यापासून सुरुवात करतो. वनवासात पांडव इथे आले, धबधब्याखाली न्हाले, म्हणून तो पांडवकडा. कडा शंभर मीटरहून उंच आहे आणि पावसाळ्यात रेल्वेतूनही त्याची पांढरी रेघ दिसते. मी शाळेत इतिहास शिकवत असे, तरी दंतकथेकडे पुरावा मागत नाही. फक्त एवढं नोंदवते, की पाच नवरे आणि एक बायको सहलीला आल्याची ही आमच्या भागातली सर्वांत जुनी गोष्ट आहे. आणि तीत द्रौपदी कुठे बसली, काय खाल्लं, तिला जागा आवडली का, हे कुणीही सांगत नाही.

नवराबायकोनं जोडीनं बाहेर पडणं, कुठेतरी बसणं, काहीतरी खाणं आणि घरी परतणं ह्यालाही इतिहास असतो. पाठ्यपुस्तकात तो नव्हता. मी तो इथे येऊन, इथल्या माणसांना विचारून जमवला.

कोपरा गावातून एक मावशी आमच्या इमारतीत मासे घेऊन येत. पाटी उतरवून पाणी पिताना त्या दोन गोष्टी बोलत, आणि मी लगेच माझे प्रश्न काढत असे. एकदा विचारलं, "लग्न झाल्यावर दोघं कुठे फिरायला गेलात?"

"फिराला? एकवीरेला."

"आणि नंतर?"

"नंतर शेतान."

कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे, पेठ, खारघर ही मुळात आगरी वस्तीची गावं. भातशेती, खाडीतली मासळी आणि आसपासची मिठागरं ह्यांवर घर चालायचं. नव्या जोडप्यानं कार्ल्याच्या एकवीरेला जायचं ही आगरी-कोळ्यांची रीत. तिथे मात्र दोघं शेजारी उभे राहायचे, कारण देवीसमोर जोडीनंच उभं राहावं लागतं. मग पुढे वर्षानुवर्षं जोडीनं जाणं म्हणजे पनवेलचा बाजार. तो पुढे, ती दहा पावलं मागे, डोक्यावर पाटी. मला त्या दहा पावलांचा राग यायचा. मावशींना काही यायचा नाही. "पुढं-मागं चालून पन बोलता येतं," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं आपले चाललेत गपचूप."

खाणंपिणंही शेतावरच. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, ऐपत असेल तर कोंबडी, वरून पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही, शेंगा आपल्याच रसात शिजतात. पाल्याचा तो उग्र वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला राहतो. ह्या जेवणाला अख्खं घर आणि निम्मी आळी हजर असे, तेव्हा त्याला दोघांचं जेवण म्हणता येणार नाही. पण अंधार असे, जाळ विझत आलेला असे, आणि कोण कुणाशेजारी बसलं हे कुणी मोजत नसे.

ह्या गावांचं शहर पनवेल. मुंबईची माणसं तिथे फार आधीपासून येत होती. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली. त्याआधी पुण्याला जायचं तर मुंबईहून नावेनं पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे गाडीरस्त्यानं घाट चढायचा. घाटातला तो रस्ता १८३० चा. पनवेलला बैलगाडीची चाकं बनायची, त्यांना नाव होतं. बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं, नगरपालिका १८५२ ची, धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना १८७२ चा. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विसराळे अशी तळी. म्हणजे काठावर बसण्याजोग्या जागा भरपूर. पण एवढ्या वर्दळीत जोडप्यानं नुसतं फिरायला आल्याचा उल्लेख मला कुठे सापडलेला नाही. माणसं पनवेलवरून जात होती, पनवेलला माल घ्यायला येत होती.

सापडणार तरी कसा? आमच्याच रायगड जिल्ह्यातली, तेव्हाच्या कुलाब्यातली, गोष्ट आठवा. गोपाळराव जोशी पोस्टात होते आणि काही काळ आनंदीबाईंना घेऊन अलिबागला राहिले. समोर समुद्र. नवरा बायकोला शिकवतो, तिला बरोबर घेऊन चारचौघांत वावरतो, एवढं गावाला बोलायला पुरेसं होतं. १८८३ मध्ये सेरामपूरला अमेरिकेस जाण्याआधीच्या भाषणात सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी सांगितलं, की आपण रस्त्यानं निघालो की लोक भोवती जमतात आणि हसतात. तिच्या डॉक्टर होण्यावर आपण पुस्तकं लिहिली. मला ह्या रस्त्यावरच्या हसण्याबद्दल जास्त वाचायला आवडेल, कारण डॉक्टर एक झाली, रस्त्यानं चालायचं सगळ्यांनाच होतं.

शंभर वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा कुणी हसत नव्हतं. अडचण वेगळीच होती. लालबागच्या चाळीत एक खोली, तीत सासूसासरे, धाकटा दीर आणि आम्ही. दोन वाक्यं धड बोलायची तर बाहेर पडावंच लागे. ती चैन नव्हती, सोय होती. भारतमाताला मराठी सिनेमा, राणीची बाग, शिवाजी पार्कचा कट्टा. पगार झाला की इराण्याच्या हॉटेलातली फॅमिली रूम: लाकडी आडोसा, मळका पडदा, ब्रून मस्का आणि पडदा न खाकरता बाजूला सारणारा वेटर. कधी रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस. मुंबईतल्या जोडप्यांनी समुद्रकाठ धरला तो काही चंद्र बघायला नव्हे. पाण्याकडे तोंड केलं की गर्दीकडे पाठ होते, एवढाच हिशोब होता.

मग आम्ही खारघरला आलो, आणि हा हिशोबच उलटा झाला.

त्याआधी कागदावर बरंच काही घडून गेलं होतं. मुंबईच्या पूर्वेला, खाडीपलीकडे जोडशहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. ते शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सत्तरच्या दशकात वाशीचा पूल झाला, लोकल मात्र वाशीला १९९२ मध्ये पोचली आणि पनवेलला १९९८ मध्ये. खारघर स्टेशन त्याच मार्गावरचं. सिडकोची पद्धत अशी, की आधी रस्ते, गटारं, दिवे, आणि माणसं मागाहून. त्यामुळे शतक उलटताना सेक्टर पंधरात राहायला आलो तेव्हा चार गाड्या शेजारीशेजारी जातील असे रस्ते होते आणि त्यावर संध्याकाळी आम्ही दोघं. दोन खोल्या, स्वतंत्र दार, घरात कुणी नाही. बाहेरही कुणी नाही. ह्यांना ते फार आवडलं. मला पहिले काही महिने रडू यायचं.

लालबागेत आम्ही एकांतासाठी बाहेर पडत होतो. खारघरात माणसं बघायला बाहेर पडू लागलो. रविवारी लोकल पकडून उलट्या दिशेनं पनवेलला जायचं, कशासाठी, तर धक्के खायला. लाइन आळीतून, टिळक रोडवरून उगाच चालायचं, भाजीचा भाव करायचा, वडापाव खाऊन परत. कधी एसटीनं कर्नाळ्याला. ते पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचं, महामार्गाला अगदी लागून. किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला. ह्यांना किल्ला हवा असे, मला पायथ्याची सावली. गणपतीच्या आधी पेणला जाऊन मूर्ती ठरवायची, येताना पोहे आणि पापड. त्या फेऱ्यांनीच मला जिल्हा शिकवला. नकाशावर रायगड शिकवून झाला होता, पण पेणच्या कारखान्यात रंग न लावलेल्या मूर्तींच्या रांगा पाहिल्याशिवाय ह्या जिल्ह्याचं पोट कशावर चालतं ते कळत नाही.

त्या रुंद रस्त्यांबद्दल मावशींचं मत मात्र वेगळं होतं. एकदा आम्ही फिरून येताना त्या भेटल्या आणि रस्त्याच्या मधोमध बोट दाखवून म्हणाल्या, "हितं आमचा बांध व्हता." ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नवी मुंबईच्या आराखड्यात गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. खारघरात ‘साडेबारा’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मावशींच्या घरालाही त्यातला तुकडा मिळाला. आम्ही जिथे हवा खायला फिरत होतो तिथे त्यांनी लावणी केली होती, गुडघाभर चिखलात, नवराबायकोनं शेजारीशेजारी. तेव्हा दहा पावलांचं अंतर नव्हतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

डोंगराकडचं खारघर आणखी वेगळं. वर फणसवाडी, चाफेवाडी हे आदिवासी पाडे. शहर पहाटे व्यायामासाठी त्या रस्त्यानं वर जातं, आणि त्याच वेळी पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन खाली उतरतात. पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं, मग टाकळा, भारंगी, कुर्डू, करटोली. शेवळं घ्यायची तर काकडं मागून घ्या. त्या आंबट फळांशिवाय भाजी घशाला खाजते. माझ्या मते खारघरातलं खरं बाहेरचं खाणं हेच, मग ते घरी शिजवायला लागलं तरी. पांडवकड्यावर मात्र पावसाळ्यात जायचं नाही. तिथे दरवर्षी माणसं वाहून जाऊ लागली, तेव्हापासून वनखातं आणि पोलीस बंदी घालतात. तरी लोक चोरवाटेनं जातात. त्यांत जोडपी असतात, आणि त्यांना नुसती नावं ठेवून भागणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या दोघांना फुकट बसता येईल अशी जागा शहरानं दिली किती?

सेंट्रल पार्क झालं ते २०१० च्या सुमारास. पार्क मोठं, झाडं तेव्हा खांद्याएवढी, सावली औषधालाही नाही. तरी खारघरला पहिल्यांदा बाकं मिळाली. आमच्यासारखी जोडपी कडेकडेनं चालायची आणि तरुण जोडपी मधल्या झुडपांकडे सरकायची. शिट्टी वाजवणारा एक रखवालदार त्यांनाच हाकलायचा, आम्हाला कधी नाही. लग्नाचा दाखला माझ्या पिकल्या केसांवर लिहिला होता बहुतेक.

इथल्या संध्याकाळींची आणखी एक खूण म्हणजे दारूची दुकानं आणि बार इथे येऊ नयेत म्हणून रहिवाशांनी, त्यांत बायकांनी पुढे होऊन, वर्षानुवर्षं केलेला विरोध. म्हणून खारघरचं जोडपं बाहेर बसतं ते बहुधा डोशासमोर, नाहीतर शिल्प चौकाजवळ गाड्यांवर पाणीपुरी खात. ज्यांना बिअर हवी ते बेलापूर गाठतात. मला ह्यात तक्रारीसारखं काही वाटत नाही, ह्यांना वाटतं.

बाकीचं झपाट्यानं झालं. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्यात गेलं. बेलापूर ते पेंढर मेट्रो कितीतरी वर्षं नुसती खांबांवर उभी होती, ती १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली: ११ किलोमीटर, ११ स्थानकं. जानेवारी २०२५ मध्ये सेक्टर तेवीसमधलं इस्कॉनचं मंदिर उघडलं आणि रविवारी तिकडचे रस्ते भरू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पोपटीही आता फार्महाऊसवर माणशी दरानं मिळते, ओळखीच्या कुणाचं शेत असावं लागत नाही. शेंगा पाणचट लागतात, कारण एका मडक्यात फार कोंबतात.

रिकामे रस्ते गेले, आणि त्यांचं दुःख ह्यांना जास्त. मला गर्दी आवडते. अजूनही आम्ही संध्याकाळी निघतो ते भांडतच: हे डोंगराच्या दिशेनं, मी उत्सव चौकाच्या.

मावशींनी आता पाटी सोडली. गुडघे गेले. मेट्रो सुरू झाल्यावर काही दिवसांनी बाजारात भेटल्या, म्हणाल्या, म्हाताऱ्याला घेऊन पार पेंढरपर्यंत जाऊन आले.

"पेंढरला कुणाकडे?"

"कुनाकरं न्हाय. गेलो न आलो."

"जागा मिळाली बसायला?"

"जाताना मिळाली. येताना उभी व्हतंव. त्याला मिळाली, त्यो बसला."