दगड ढकलणारा राजा आणि धुणीभांडी करणारीचा लेक



रांधा, वाढा, उष्टी काढा, आणि आता त्यात भर पडली 'हप्ता भरा' याची. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या! हे सगळं कशासाठी, हा प्रश्न बचत गटाच्या वहीत कुणी लिहीत नाही, पण बैठक संपताना कुणीतरी विचारतंच.

हाच प्रश्न जगापुढे मांडणारा एक लेखक होता, आल्बेर कामू. त्याचा जन्म १९१३ चा, अल्जेरियातला. तेव्हा तिथं फ्रान्सचं राज्य होतं. पोर वर्षाचं व्हायच्या आत बाप पहिल्या महायुद्धात गेला. आई, कॅथरीन, निरक्षर होती, तिला कमी ऐकू यायचं. लोकांच्या घरी साफसफाई करून तिनं दोन मुलं वाढवली. घरात सत्ता आजीची, आणि आजीचं म्हणणं असं, की पोराला शाळा पुरे, आता कामाला लावा. त्याचे गुरुजी लुई जेर्मं घरी गेले, आजीची समजूत घातली, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याला जादा शिकवलं. म्हणून तो शिकला. सतराव्या वर्षी क्षयानं गाठलं. मरण इतक्या लवकर उंबऱ्यावर आल्यावर असे प्रश्न पडणारच.

१९४२ साली, फ्रान्स जर्मन फौजेच्या ताब्यात असताना, त्याचं 'सिसिफसची मिथककथा' हे पुस्तक आलं. जगण्याला अर्थ नसेल तर माणसानं जगावं का, इथूनच ते सुरू होतं. आपल्याकडं हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही, हे मी वेगळं सांगायला नको. कामूचं उत्तर स्पष्ट आहे: जगावं. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं. हा जो मेळ बसत नाही, त्याला तो 'ॲब्सर्ड' म्हणतो, मराठीत असंगत. जमाखर्च जुळत नाही म्हणून वही जाळायची नाही, आणि खोटा आकडा घालून जुळवायचीही नाही.

सिसिफस हा ग्रीक कथेतला राजा. त्यानं मृत्यूलाच साखळदंडानं बांधलं, म्हणून देवांनी शिक्षा दिली. मोठा दगड डोंगरावर ढकलत न्यायचा. माथ्याशी आला की तो गडगडत खाली. पुन्हा ढकलायचा, कायमचा. कामूची नजर जाते ती सिसिफस रिकाम्या हातानं खाली उतरतो त्या वेळेवर. तेव्हा त्याला आपली दशा पुरती कळलेली असते, तरी तो परत दगडाकडे जातो. तिथं तो देवांना पुरून उरतो, म्हणून त्याला सुखी समजावं, असं कामूचं म्हणणं.

इथं माझं त्याच्याशी जमत नाही. दोन मैलांवरून आणलेला हंडा ही देवांनी दिलेली शिक्षा नव्हे. नळ येऊ शकतो, ग्रामसभेत ठराव होऊ शकतो. शिवाय सिसिफस एकटा होता. त्याच्या जोडीला बाई नाही, गट नाही.

पण कामूही तिथंच थांबला नाही. १९४७ च्या 'प्लेग' या कादंबरीत ओराँ शहरात साथ येते, वेशी बंद होतात. डॉक्टर रिय रोज रोगी बघतो. हरतोय हे माहीत असूनही बघतो. साधी माणसं स्वतःहून पथकं करून त्याच्या मदतीला येतात. दगड तोच, पण आता ढकलायला हात पुष्कळ. मला हा कामू जास्त जवळचा वाटतो. (कोरोनात मास्क शिवलेल्या बायकांना ही कादंबरी समजावून सांगावी लागणार नाही.)

१९५७ साली त्याला नोबेल मिळालं. त्यानंतर त्यानं जेर्मं गुरुजींना आभाराचं पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आपल्याला आधी आई आठवली आणि मग तुम्ही, असं त्यात आहे.

४ जानेवारी १९६० ला मोटार अपघातात तो गेला. वय ४६. गाडीत एका अपुऱ्या कादंबरीची हस्तलिखित पानं सापडली. तिच्यात त्याचं बालपण होतं, आणि ती त्यानं आईला अर्पण केली होती, जिला ती कधीच वाचता येणार नव्हती. आई त्याच वर्षी वारली. पुस्तक छापून आलं १९९४ साली.