नऊ नंबरचा डावा गुडघा

रविवार, ८ जानेवारी २००६. ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी शहर. दुपार कलताना तुम्ही पॉल ब्राउन स्टेडियमच्या पायऱ्या चढून आत येता, तेव्हा पासष्ट हजारांवर माणसं एका सुरात ‘हू डे’ ओरडताहेत. तुमच्या शेजारच्या काकांनी तोंडाला नारिंगी-काळे पट्टे फासलेत. त्यांचा घसा सामना सुरू होण्याआधीच बसलाय. बेंगल्स हा त्यांचा संघ, आणि १९९१च्या जानेवारीनंतर तो बाद फेरीत आलेलाच नाही. मधली सगळी वर्षं हरण्यात गेली. काका त्यातला एकही मोसम चुकले नसावेत, असं त्यांच्या जुन्या जॅकेटवरून वाटतं.

ते बोट दाखवतात. नऊ नंबर. कार्सन पामर. वय २६, साडेसहा फुटांना एक बोट कमी. २००३च्या खेळाडू-निवडीत देशात पहिला उचललेला. या मोसमात त्याने ३२ टचडाउन पास फेकलेत, लीगमध्ये सर्वांत जास्त. डिसेंबरच्या अखेरीस मालकांनी त्याला २०१४पर्यंत बांधून घेतलंय.

हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तुम्हाला कळत नसेल तरी एवढं पुरे. चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पामरच्या, हातात येतो आणि तिथून त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. पाच आडदांड सहकारी त्याच्यापुढे भिंत करून उभे राहतात, आणि तितकेच आडदांड प्रतिस्पर्धी ती भिंत फोडायला धडपडतात. त्यांच्याकडे त्याने बघायचं नसतं. नजर दूर, चाळीस-पन्नास यार्डांवर पळणाऱ्या गड्यावर ठेवायची. उजव्या हाताने फेकणारा डावा पाय पुढे टाकतो, टाच रोवतो, अंगाचं सगळं वजन त्या पायावर येतं आणि चेंडू सुटतो. थोडक्यात, तो आपलं काम सर्वांत चांगलं करत असतो नेमक्या त्याच क्षणी त्याचा डावा गुडघा सर्वांत असहाय असतो.

बेंगल्सची दुसरीच चाल. पामर मागे सरकतो, पाय रोवतो, फेकतो. चेंडू उंच जातो आणि पासष्ट हजार माना त्याच्यामागे वर वळतात. तुम्ही एकटेच खाली बघताय, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलाय. पिट्सबर्गचा किमो फॉन ओल्होफेन (हा एकेकाळी बेंगल्सचाच खेळाडू) झटापटीत तोल जाऊन खाली कलंडतो आणि त्याचा खांदा थेट त्या रोवलेल्या पायावर आदळतो. गुडघा जिकडे वळायला नको तिकडे वळतो.

पलीकडे ख्रिस हेन्रीने चेंडू झेललाय. ६६ यार्ड! काका तुम्हाला मिठी मारतात. मिठी सुटते तेव्हा त्यांना दिसतं की नऊ नंबर उठलेला नाही. (त्याच चालीत हेन्रीचाही गुडघा दुखावलाय, पण ते आत्ता कुणाच्या लक्षात येत नाही.) पंचांनी दंडाचं पिवळं फडकं टाकलेलं नाही. गाडी येते, पामरला घेऊन बोगद्यात जाते. त्याच्या जागी जॉन किटना येतो. बेंगल्स १७-७ अशी आघाडीही घेतात आणि शेवटी ३१-१७ने हरतात. पिट्सबर्ग महिन्याभरात सुपर बोल जिंकणार आहे, पण ते तुम्ही काकांना सांगत नाही.

बाहेर पडताना ते एकच गोष्ट विचारतात. ‘परत खेळेल का हो तो?’

उत्तर तुमच्या खिशात आहे, पण द्यायची बंदी आहे. आणि खरं सांगायचं तर नुसतं ‘हो’ म्हणून भागणारही नाही. हा प्रश्न कुठल्या साली विचारला यावर त्याचं उत्तर ठरतं. तेव्हा काकांना वाहनतळावर सोडा आणि जरा मागे चला.

१८९५. इंग्लंडमधलं लीड्स. कोळशाने काळवंडलेल्या या शहरात आर्थर मेयो रॉबसन नावाचे शल्यविशारद एका एकेचाळीस वर्षांच्या खाणकामगाराचा गुडघा उघडून बसलेत. आतले दोन्ही क्रूसबंध, म्हणजे सांध्याच्या मधोमध एकमेकांना छेद देणाऱ्या दोऱ्या, तुटलेत. मेयो रॉबसन ते कॅटगटच्या टाक्यांनी जागच्या जागी शिवतात. प्रतिजैविकं अजून जन्मायची आहेत, त्यामुळे गुडघा उघडणं हीच मोठी जोखीम. हा माणूस पुढे कामावर परतला आणि काही वर्षांनी त्याने पाय भक्कम असल्याचं सांगितलं, अशी नोंद आहे. मात्र त्यावर फार विसंबू नका. समोरचा क्रूसबंध सांध्यातल्या वंगणात बुडालेला असतो. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरत नाही, आणि गुठळी नाही म्हणजे सांधणारा पूलच नाही. त्वचा भरते, हाड जुळतं, हा बंध मात्र आपणहून जुळत नाही. शिवणकामाने भागणार नाही, नवी दोरी ओवावी लागणार, हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला आणि त्या कामात हात बसायला विसावं शतक बरंचसं खर्ची पडलं.

आता न्यूयॉर्क. २५ जानेवारी १९६५, लेनॉक्स हिल रुग्णालय. खाली वार्ताहरांची गर्दी आहे, कारण वर शस्त्रक्रियेच्या टेबलावर ४ लाख २७ हजार डॉलरचा करार झोपलाय. जो नेमथ, जेट्स संघाचा नवा क्वार्टरबॅक, अलाबामात शिकत असताना ऑक्टोबरमध्ये उजवा गुडघा मोडून घेतलेला. डॉक्टर जेम्स निकोलस फाटलेली गादी काढून टाकतात आणि सैल झालेला बंध आवळून घेतात. सांध्यात डोकावणारी दुर्बीण नाही, एमआरआय नाही. गुडघ्यात काय बिघडलंय ते उघडल्यावरच कळायचं. साधारण चार वर्षं खेळेल, असा त्यांचा होरा आहे.

नेमथ तेरा मोसम खेळला. शस्त्रक्रियेच्याच वर्षी अमेरिकेच्या लष्कराने मात्र याच गुडघ्यापायी त्याला सैनिक म्हणून नापास केलं. व्हिएतनामला जायला निकामी आणि दर रविवारी अंगावर येणाऱ्या पहिलवानांपुढे उभं राहायला फिट! लोक चिडले, त्यात नवल नाही. जानेवारी १९६९मध्ये त्याने बाल्टिमोरला १६-७ने हरवून सुपर बोल जिंकला. पुढे दोन्ही गुडघे कृत्रिम बसवावे लागले. मग तो बरा झाला म्हणायचं की नाही? माझ्या मते त्याचे गुडघे कधीच बरे झाले नाहीत, त्यांच्याभोवती त्याने आपला खेळ बेतून घेतला. पळायचं सोडलं, लवकर फेकायला शिकला. क्वार्टरबॅकला ही मुभा असते. चेंडू काखेत घेऊन धावणाऱ्याचा गुडघा गेला की त्याचं सगळं भांडवलच जातं. फेकणाऱ्याचं निम्मं भांडवल खांद्यात आणि डोक्यात शिल्लक राहतं.

परत या. मंगळवार, १० जानेवारी २००६, ह्यूस्टन. स्टेडियम सोडून दोनच दिवस झालेत. डॉक्टर लोनी पॉलोस पामरचा गुडघा उघडतात आणि आतला पसारा एमआरआयच्या कागदापेक्षा वाईट निघतो. समोरचा क्रूसबंध तुटलाय, आतल्या बाजूचा बंधही तुटलाय, कूर्चेला इजा आहे आणि गुडघ्याची वाटी जागेवरून निसटलेली आहे. काही दिवसांत हेच डॉक्टर वार्ताहरांना सांगतील की ही दुखापत कारकीर्द संपवू शकेल अशी होती. आपल्याकडे कबड्डीच्या मैदानावर ‘लिगामेंट गेलं’ म्हटलं की पोरांचे चेहरे उतरतात. इथे नुसतं लिगामेंट गेलं असतं तर डॉक्टर खूश झाले असते.

दुरुस्तीसाठी लागणारी एक कंडरा बर्फातून आली आहे. टाचेमागची, जाड, पांढरी. ती एका स्त्रीची आहे. अपघातात ती गेली आणि तिने देऊन ठेवलेलं दान ऊतकपेढीत राहिलं. हे पामरला पुढे कळेल. आत्ता तो गुंगीत आहे आणि तिची टाच त्याच्या गुडघ्यात ओवली जाते आहे. शक्यतेचं गणित मांडणारे खेळाडूचं वय, वजन, जिद्द मोजतात. कुण्या अनोळखी बाईने कुठल्याशा अर्जावर सही केली होती, ही बाब कुणाच्याच तक्त्यात नसते.

एप्रिलकडे सरका. या टप्प्यात खेळाडूला सांभाळणं सगळ्यांत कठीण. सूज उतरलेली आहे, चाल सरळ झालेली आहे, मांडी हळूहळू भरते आहे. त्याला वाटतं, झालं, पळतो आता. आत मात्र उलटंच चाललेलं असतं. सांध्यात ओवलेली कंडरा आधी मरते, मग तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात आणि ती बंधासारखी वागायला शिकते. या मधल्या आठवड्यांत ती ओवली त्या दिवसाहून अशक्त असते. पाय बाहेरून ठणठणीत आणि आतून कच्चा. या काळात खेळाडूला हाताला धरून थांबवणारा माणूस शल्यविशारदाइतकाच मोलाचा असतो, पण त्याचं नाव कुठेच छापून येत नाही.

याच महिन्यांत लीगच्या कार्यालयात कागद हलताहेत. पाय जमिनीवर रोवून फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गुडघ्यावर किंवा त्याखाली धडकणं टाळण्याची जबाबदारी आता चाल करून येणाऱ्यावर टाकली जाते. जानेवारीत जे फडकं पडलं नव्हतं ते पुढच्या मोसमापासून पडेल. पामरला त्याचा उपयोग होईल की नाही कोण जाणे, पण त्याच्यामागून येणाऱ्या कित्येकांच्या गुडघ्यांची शक्यता त्याच्या एका गुडघ्याने वाढवली.

२८ ऑगस्ट, सोमवारची रात्र. सरावाचा सामना, समोर ग्रीन बे. डाव्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून नऊ नंबर मैदानात येतो. या वेळी चेंडूकडे बघूच नका. त्याच्या डोळ्यांकडे बघा. पायाशी माणसं कोसळताहेत, आणि प्रश्न एवढाच आहे की तो खाली बघतो का. बंध जुळलाय हे यंत्र सांगू शकतं. पायाजवळची धडपड जाणवत असताना नजर वर ठेवता येते की नाही, हे यंत्राला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, आणि बहुधा त्या रात्रीपर्यंत खुद्द त्यालाही ठाऊक नसतं. तो खाली बघत नाही. तीन टचडाउन.

१० सप्टेंबरला कॅन्सस सिटीत मोसमाचा पहिला खरा सामना. आठ महिने आणि दोन दिवसांनी पामर मैदानात उभा आहे आणि धडधाकट बाहेर पडतो. बेंगल्स २३-१०ने जिंकतात. त्या दिवशी मैदानावरून उचलून न्यावं लागलं ते समोरच्या क्वार्टरबॅकला. ट्रेंट ग्रीन, डोक्याला जबर मार. हा खेळ कुणाचं देणं कुणाकडून वसूल करेल, याला काही धरबंध नाही.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही. त्या मोसमात पामर सोळाच्या सोळा सामने खेळला, ४०३५ यार्ड फेकले, २८ टचडाउन केले आणि वर हवाईतल्या प्रो बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. गुडघा परत आला. पण काकांचा खरा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर वाईट आहे. बेंगल्स त्या वर्षी आठ जिंकून आठ हरले. पामरच्या हातून सिनसिनाटीला बाद फेरीतला एकही विजय मिळाला नाही. शहराने जो गमावला तो एक मोसम होता, आणि तो शिवणारा डॉक्टर नाही.

पामरचा स्वतःचा हिशेब अजून उरलाय. पुढे तो अ‍ॅरिझोनाच्या संघात गेला. ७ नोव्हेंबर २०१४ला त्या संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा नवा करार केला. ९ नोव्हेंबरला तोच डावा गुडघा, तोच क्रूसबंध. वय चौतीस. या वेळी सगळ्यांनी त्याला निकालात काढलं. २०१५मध्ये तो परतला आणि कारकिर्दीतला सर्वांत मोठा मोसम खेळला. ४६७१ यार्ड, ३५ टचडाउन. जानेवारी २०१६मध्ये ग्रीन बेला जादा वेळेत २६-२०ने हरवून बाद फेरीतला पहिला विजय मिळवला, पहिल्या दुखापतीनंतर दहा वर्षांनी. पुढच्याच सामन्यात कॅरोलायनाने ४९-१५ असा धुव्वा उडवला. त्यात पामरने चार चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फेकले आणि दोन हातातून सोडले. त्या दिवशी गुडघ्याची तक्रार नव्हती.

इतकं फिरलात तर एक शेवटचा थांबा घ्या. २२ जानेवारी २०२२, नॅशव्हिल. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो. हाही निवडीत देशात पहिला, यालाही पामरसारखाच कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन चषक, याचाही नंबर नऊ. नोव्हेंबर २०२०मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात याचाही डावा गुडघा गेला, क्रूसबंधासकट. आठवडाभरापूर्वी याने सिनसिनाटीला एकतीस वर्षांनी बाद फेरीतला विजय मिळवून दिलाय. आज टेनेसीचे बचावपटू त्याला पुन्हा पुन्हा आडवा करताहेत. तुम्ही मोजत बसता. पाच. सहा. आठ. नऊ वेळा तो चेंडूसकट जमिनीवर जातो आणि नऊ वेळा उठतो. १६-१६ बरोबरी, घड्याळात वीस सेकंद. भिंत पुन्हा हलते, बरो डावा पाय रोवतो आणि जमार चेसला १९ यार्डांचा पास फेकतो. मग बेंगल्सचा मॅकफर्सन ५२ यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून लाथाडतो. १९-१६.