आवळा, भुईआवळी आणि लिनियस

वनस्पतीला दोन शब्दांचे लॅटिन नाव द्यायचे, पहिल्याने तिची प्रजाती म्हणजे निकटच्या नातलगांचा गट सांगायचा आणि दुसऱ्याने त्या गटातील नेमकी जाती, ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 मध्ये ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथाद्वारे रूढ केली. त्या ग्रंथातील फिलँथस या प्रजातीचा माग काढत गेल्यास वाट थेट कोचीनला पोहोचते. कारण आवळा, भुईआवळी आणि लाल भुईआवळी यांना लिनियसने तेथे एकत्र बसवले आणि तिन्हींसाठी ‘हॉर्टस मलबारिकस’चा दाखला दिला.

डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारातील कोचीन येथे सिद्ध करवलेला हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे 12 खंडांत छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्याने माहिती पुरवली, तर रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे.

या ग्रंथात आवळा ‘नेल्ली-कामरम’, भुईआवळी ‘किर्गानेली’ आणि लाल भुईआवळी ‘चेरु-किर्गानेली’, म्हणजे धाकटी किर्गानेली, या नावांनी येतात. मलयाळममध्ये ‘नेल्ली’ म्हणजे आवळा आणि ‘कीळ’ म्हणजे खाली. ‘किर्गानेली’तील ‘खाली’ म्हणजे जमिनीलगत, असे मराठी ‘भुई’वरून वाटू शकते; परंतु या रोपाची बारीक फळे पानांच्या खालच्या अंगाला ओळीने लागतात आणि तमिळमधील ‘कीळ्काय नेल्ली’ या रूपात फळवाचक ‘काय’ स्पष्ट आहे, त्यामुळे ‘खाली फळे धरणारी आवळी’ हाच अर्थ ग्राह्य ठरतो. वृक्ष आणि वीतभर रोप यांचे नाते फळावरून जुळवणारी ही दृष्टी लिनियसच्या आधीची आहे.

एळवा वैद्यांच्या वर्गीकरणाचा ठसा हॉर्टसमार्गे लिनियसपर्यंत पोहोचला, असे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी 1995 मध्ये आग्रहाने मांडले. याविरुद्ध असे म्हणता येते की दोन शब्दी नावे वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पार बाउहिनने 1623 मध्येच पुष्कळ वापरली होती आणि लिनियसचे वर्ग तर पुंकेसरांची संख्या व मांडणी यांवर उभे होते. हे आक्षेप खरे असले तरी ते लागू पडतात चौकटीला. चौकटीत कोणाशेजारी कोणाला बसवावे, याची सूचना मलबारी नावांनी दिली असणे अगदी संभाव्य आहे. अर्थात लोकनाम नेहमीच विश्वासार्ह नसते: भुईचाफा हळदीच्या कुळातला आहे आणि सोनचाफ्याशी त्याचे काही नाते नाही.

पुढे 1790 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ योसेफ गेर्टनरने आवळ्याला ‘एम्ब्लिका’ या वेगळ्या प्रजातीत हलवले, नंतरच्यांनी तो फिलँथसमध्ये परत आणला, आणि अलीकडे काही संशोधकांनी त्याला पुन्हा वेगळे काढले आहे. आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनांवर मात्र दोन्ही नावे सुखाने नांदतात.