जुन्या ‘डॉस’च्या नव्या आवृत्त्या; इतिहासजमा संगणकीय नोंदी वाचण्यासाठी मुक्त-स्रोताचा आधार

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या पिढीची ओळख ठरलेली ‘डॉस’ ही कार्यप्रणाली दैनंदिन वापरातून केव्हाच बाहेर पडली. मात्र तिच्यासाठी नवी सॉफ्टवेअर तयार होणे थांबलेले नाही. ‘फ्रीडॉस’ या मुक्त-स्रोत प्रकल्पाची १.४ ही आवृत्ती ५ एप्रिल २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएमच्या सहकार्याने ‘एमएस-डॉस ४.००’ची मूळ आज्ञावली, अर्थात सोर्स कोड, सर्वांसाठी खुली केली. भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचा पाया डॉसच्याच काळात घातला गेला असल्याने मराठीसाठीही या घडामोडींना महत्त्व आहे.

डॉसचा उगम

टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या कार्यप्रणालीचे हक्क मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासोबत ती बाजारात आली. माऊस वा चित्रमय पडद्याऐवजी कळफलकावरून आज्ञा देणे आणि एका वेळी एकच काम करणे ही तिची वैशिष्ट्ये होत. वर्डस्टार, लोटस आणि डीबेस या सॉफ्टवेअरमुळे भारतातील कार्यालयांतही तिचा प्रसार झाला.

फ्रीडॉसची वाटचाल

विंडोजच्या आगामी आवृत्त्यांमुळे डॉस मागे पडणार, असे दिसू लागताच अमेरिकेतील विद्यार्थी जिम हॉल यांनी २९ जून १९९४ रोजी मुक्त पर्यायाची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टची आज्ञावली न वापरता, स्वयंसेवकांनी ही प्रणाली स्वतंत्रपणे लिहिली. तिची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये, तर १.३ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. ताज्या १.४ आवृत्तीत आज्ञा स्वीकारणारा ‘फ्रीकॉम’ हा घटक, स्थापनेची प्रक्रिया आणि मदत-पुस्तिका अद्ययावत करण्यात आली असून, डिस्कचे विभाजन करणाऱ्या ‘एफडिस्क’सह अनेक साधनांत सुधारणा आहेत. जुन्या यंत्रांसाठी फ्लॉपीवरील आवृत्तीही उपलब्ध आहे.

मायक्रोसॉफ्टने डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्या २०१८ मध्ये ‘एमआयटी’ परवान्याखाली दिल्या होत्या, ४.०० आवृत्तीलाही तोच परवाना लागू आहे. मूळ हक्कसूचना कायम ठेवून आज्ञावली वापरण्याची, बदलण्याची आणि वितरित करण्याची मुभा त्यातून मिळते.

पुण्याशी असलेले नाते

आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यातील ‘सी-डॅक’कडे आले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने तयार केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की, इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील सॉफ्टवेअरमध्येही मराठी मजकूर टंकित करता येत असे. हा मजकूर ‘इस्की’ या संकेतप्रणालीत साठवला जाई. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. इंग्रजी अक्षरे पहिल्या १२८ स्थानांवर आणि भारतीय अक्षरे त्यापुढील स्थानांवर, अशी तिची रचना होती. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे.

या काळातील फाइल आजच्या संगणकावर थेट उघडल्यास मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. त्या वाचण्यासाठी जुने सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली आणि इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर या दोन्हींची गरज असते. पहिली गरज फ्रीडॉस किंवा ‘डॉसबॉक्स’सारखी मुक्त-स्रोत साधने भागवतात. दोन्ही संकेतप्रणालींची मांडणी जुळती असल्याने दुसरे कामही अवघड नाही. मूळ फ्लॉपीच वाचता येईनाशी झाली, तर मात्र दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात. त्यामुळे अशा माध्यमांवरील मजकुराची प्रत काढणे हे जतनाचे पहिले पाऊल ठरते.

ग्राहकांनी घ्यावयाची दक्षता

भारतात विकल्या जाणाऱ्या काही लॅपटॉपच्या तपशिलात ‘डॉस’ किंवा ‘फ्रीडॉस’ असा उल्लेख असतो. विंडोजच्या परवान्याचा खर्च नसल्याने त्यांची किंमत कमी असते. पण नेहमीच्या कामासाठी लिनक्स किंवा विंडोज स्वतंत्रपणे बसवावे लागते. डॉसमध्ये वापरकर्त्यांचे वेगवेगळे अधिकार किंवा स्मृतीचे संरक्षण नाही. त्यामुळे बँक व्यवहार वा इंटरनेटवरील रोजच्या कामांसाठी ती योग्य नाही.

जुने सॉफ्टवेअर चालवणे, हार्डवेअरमधील फर्मवेअर अद्ययावत करणे, संगणकशास्त्राचे शिक्षण आणि जुन्या नोंदींचे जतन ही तिची आजची प्रमुख क्षेत्रे आहेत. मूळ आज्ञावली खुली असल्याने, निर्मात्या कंपनीने पाठबळ थांबवल्यानंतरही ही कामे सुरू राहू शकतात.