उच्च शिक्षणाचा खर्च आणि वसतिगृहांचा वारसा

उच्च शिक्षण महाग झाले, अशी तक्रार ज्ञातिबांधवांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे, आणि मागील पिढ्यांनी त्यास दिलेले उत्तर केवळ शुल्कमाफीचे नव्हते, हे इतिहास पाहता ध्यानी येते.

कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून होते. तरी खेड्यांतील बहुजनांची मुले तेथे क्वचितच पोहोचत. शुल्काची अडचण होतीच. पण शहरात राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोणाकडे, ही विवंचना त्याहून मोठी होती. राजर्षी शाहू छत्रपतींनी हे मर्म ओळखले. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. दरबाराने साहाय्य दिले आणि समाजांनी आपापला भार उचलला. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शैक्षणिक कार्याचे मूळ अशाच उपक्रमांत आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. वसतिगृहांनी दार उघडले, पण भिंती राहिल्या. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेले भाऊराव पाटील यांनी पुढे त्या भिंतीच ओलांडल्या. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. अन्नधान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडून मुलांना जेवू घातले. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात विद्यार्थी श्रम करून शिकू लागले. 'कमवा आणि शिका' ही खर्च भागविण्याची युक्ती होती, तशीच ती अध्ययनाची नवी रीतही होती. हात व बुद्धी यांची फारकत तिने नाकारली.

पुढे शासनानेही भार उचलला. १९५९ च्या सुमारास आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांना शुल्कसवलत मिळाली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. तथापि खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके व संगणक यांचा खर्च घरालाच सोसावा लागतो.

'स्वयम्'सारख्या सरकारी व्यवस्थेमुळे २०१७ पासून नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने दूरध्वनीवर विनामूल्य मिळतात. मग वसतिगृहे कशाला, असे कोणी विचारील. व्याख्यान घरी येते हे खरे. पण शांत जागा, शंका विचारावयास वडीलधारा मार्गदर्शक आणि सोबत अभ्यास करणारे सवंगडी घरी येत नाहीत. दोन खोल्यांच्या घरातील मुलीस हा भेद सांगावा लागत नाही.

म्हणून समाजधुरीणांस नम्र विनंती अशी की, सत्कार व भोजने यांवरील व्यय आवरून तो निधी वसतिगृहाकडे वळवावा. तेथे संगणकांसह एक अभ्यासिका असावी, माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस मार्गदर्शनास द्यावा, आणि काही जागा इतर समाजांतील गरजू विद्यार्थ्यांस राखून ठेवाव्यात. कोल्हापूरकडून आपण दार उघडण्याचा धडा घेतला. साताऱ्याचा धडा घेणे अद्याप बाकी आहे.