बांबू झाड होता तेव्हा

रात्रीचे साडेनऊ, डिसेंबर, एटापल्ली. थंडी अशी की लॅपटॉप गरम होतो याचं बरं वाटावं. मी मामाकडे आले होते आणि घराच्या ज्या एका कोपऱ्यात नेटवर्क टिकतं तिथे खुर्ची टाकून कॉलवर बसले होते. मीटिंग सुरू व्हायच्या आधी आमची अमेरिकेतली टीम लीड सांगत होती की यंदा तिनं ख्रिसमसला खरं झाड आणलं. तिच्या गावात स्काउटची मुलं दरवर्षी चर्चच्या पार्किंगमध्ये झाडं विकतात, त्या पैशांतून त्यांचा उन्हाळी कॅम्प होतो. प्लॅस्टिकचं झाड एकदा घेतलं की दहा वर्षं पुरतं, पण मग पोरांकडून घेणार कोण, असं तिचं म्हणणं. बोलता बोलता तिनं मला विचारलं, "तू तर सध्या जंगलातच आहेस ना? तुला तर झाड फुकट मिळत असेल!"

मी हसले आणि विषय बदलला. कॉल संपल्यावर मामांना सांगितलं. मामा आयुष्यभर आश्रमशाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "फुकट? अव माय, एक काळ होता, घर शाकारायला बांबू आणला तरी लोक अंधार पडायची वाट पाहत."

मग मी सवयीप्रमाणे शोधायला बसले. ख्रिसमसच्या झाडाची सगळ्यात जुनी नोंद कुठली? मला वाटलं होतं एखादं चर्चचं पुस्तक, एखादं चित्र असं काहीतरी निघेल. निघालं ते हिशेबाचं बाड. आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सास प्रांतातलं सेलेस्ता हे गाव. 1521 सालच्या तिथल्या जमाखर्चात एक ओळ आहे: सेंट थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे 21 डिसेंबरपासून, झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकाला चार शिलिंग. लोक सणासाठी गावच्या रानातून झाडं तोडून नेत होते आणि गावाला ते थांबवायचं होतं. चाळीस वर्षांनी, 1561 मध्ये, त्याच भागातल्या आमेर्शविर गावानं नियमच केला: नाताळासाठी एका घराला एकच झाड आणि तेही आठ जोड्यांच्या लांबीपेक्षा मोठं नको. जोडे म्हणजे पायातले.

मला हे फार आवडलं. दिवे, चांदण्या, भेटवस्तू हे सगळं नंतरचं. आधी आला तो फॉरेस्ट गार्ड.

नंतरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवती उभं राहिलेलं चित्र छापून आलं आणि जर्मन घरांतली ही रीत इंग्रजांच्या दिवाणखान्यात गेली, तिथून जगभर. पुण्यात आमच्या सोसायटीच्या लॉबीत कुंडीत जे 'ख्रिसमस ट्री' ठेवतात, ते युरोपातलं झाडच नाही. ते अरोकेरिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरचं. कॅप्टन कुकनं 1774 मध्ये नॉरफोक बेटावर ही सरळसोट झाडं पाहिली आणि त्याला त्यांत जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. ब्रिटिशांनी 1788 मध्ये तिथे वसाहत केली त्यामागे हेही एक कारण होतं. लाकूड डोलकाठीच्या कामाचं निघालं नाही. आता ते नर्सरीत कुंडीवर मिळतं.

आणि आमच्या जिल्ह्यात? सिरोंचा तालुक्यात वडधमला ज्युरासिक काळातल्या वृक्षांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या जुन्या खडकांत सूचिपर्णी झाडांचे अवशेष मिळालेत, त्यात अरोकेरियाच्या कुळातलेही आहेत. म्हणजे गडचिरोलीत अस्सल स्थानिक ख्रिसमस ट्री आहे. यायला तुम्हाला काही कोटी वर्षं उशीर झाला, एवढंच.

पण टीम लीडचा प्रश्न मला सोडेना. कुठलं झाड हा प्रश्न सोपा होता. आपल्या गावच्या पोरांकडून एक झाड विकत घ्यायचं म्हटलं, तर ते विकण्याचा हक्क पोरांना आहे का, हा अवघड होता. आणि त्याचं उत्तर बांबूपाशी येऊन थांबतं.

बांबू हे गवत आहे. शाळेत शिकलो ते: भात, गहू, ऊस, बांबू, सगळे एकाच कुळातले. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येत ताड, वेत, बुंधे यांच्यासोबत बांबूही आहे. ही वनस्पतिशास्त्रातली चूक नव्हती, इंग्रज अधिकाऱ्यांना गवत ओळखता येत होतं. बांबू झाड ठरला की तो इमारती लाकडाच्या रांगेत बसतो, आणि मग त्याची तोड, वाहतूक, विक्री, सगळं वनखात्याच्या हातात. एका शब्दाच्या व्याख्येनं एवढं होतं. आम्ही कोड लिहिणारे लोक, एक टाइप चुकीचा दिला की पुढचं सगळं कसं बदलतं ते आम्हाला कळायला हवं.

स्वातंत्र्यानंतरही व्याख्या तीच राहिली. बल्लारपूरला कागद कारखाना आला आणि या जंगलांतला बांबू सरकारी करारानं कारखान्याकडे जाऊ लागला. ट्रक भरून बांबू कागद व्हायला जायचा, आणि ज्याच्या घरामागे तो वाढला त्यानं टोपली विणायला दोन आणले तर तो गुन्हा. मामांच्या तोंडचं 'अंधार पडायची वाट' हे त्या काळातलं.

गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. गोंडांचं छोटंसं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ते नाव तुम्ही ऐकलंही असेल. बातम्यांत बांबू येतो, पण माझ्या दृष्टीनं गोष्ट त्याच्या आधी, गोटुलपासून सुरू होते. गोटुल म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींचं घर. गाणं, नाच, कामाची वाटणी, वागण्याचे नियम, सगळं तिथे शिकायचं. मेंढ्याच्या लोकांनी जुन्या पद्धतीनं सागाचं लाकूड वापरून गोटुल पुन्हा उभं करायचं ठरवलं. वनखात्यानं ते पाडलं. गावानं परत बांधलं. पोरांना बसायला जागा हवी आणि त्या जागेला लाकूड हवं, इतकी साधी मागणी. त्यातूनच हे जंगल नेमकं कोणाचं, हा प्रश्न उभा राहिला.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तेंदूपानं, मोहफुलं यांच्या पंगतीत बसवलं, आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क गावाला दिला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला ज्या गावांना तो मिळाला त्यांतलं हे एक. आता बांबू विकायला हरकत नव्हती. पण विकलेला बांबू गावाबाहेर न्यायला टीपी लागते, वाहतूक परवाना, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. खातं म्हणे, 1927 च्या कायद्यात बांबू झाड आहे. गाव म्हणे, 2006 च्या कायद्यात तो वनोपज आहे. दोघांकडेही कागद होता. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस तुमच्या नावावर, पासवर्ड मात्र आमच्याकडे.

27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पावती पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला. 2017 च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षं झाड राहून बांबू परत गवत झाला.

आता स्काउटच्या पोरांकडे येते. पोरांनी डिसेंबरात घरोघर जाऊन पैसे जमवायचे, ही कल्पना इथे कोणी शिकवायची गरज नाही. व्हेरिअर एल्विन यांनी इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधल्या मुरिया गोंडांच्या गोटुलवर 1947 मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पूस कोलांग येतं. पूस म्हणजे पौष, म्हणजे साधारण हेच दिवस. गोटुलची मुलं टिपऱ्या घेऊन निघतात, गावोगाव नाचत जातात, घरं त्यांना तांदूळ देतात, पैसे देतात, आणि परत आल्यावर जमलेल्यातून सगळ्यांची पंगत होते. पार्किंगमध्ये उभं राहण्यापेक्षा हे मला जास्त कष्टाचं वाटतं, आणि जास्त मजेचंही.

आमच्या चंद्रपूरकडच्या भागात याचंच दुसरं रूप म्हणजे नाटक. झाडीपट्टी हे नावच झाडांवरून आलंय, आणि दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं रांगेनं आहेत. गावातलं तरुण मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, इसार देतं, शेतात मंडप घालतं, तिकिटं विकतं, आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. कंपनीचे पैसे देऊन उरलं तर ते गावाच्या कामाला. बुडालं तर मंडळातली पोरं वर्षभर एकमेकांचं तोंड चुकवतात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या मित्रांनी मला विचारलं, हे झाडीपट्टी काय असतं? मी तिकिटाची गोष्ट सांगितली. लहानपणी आजीनं माझं तिकीट काढायचं आणि मी पहिल्या अंकातच तिच्या मांडीवर झोपायचं. माझ्या झोपेचे पैसे कुठल्या तरी शाळेच्या कुंपणाला गेले असतील.

हे सगळं मी एटापल्लीत बसून वाचत होते, आणि बाहेरून खनिजाचे ट्रक जात होते. ते सूरजागडचे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, 2007 मध्ये तिथल्या 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. 2016 च्या नाताळाआधी दोन दिवस, 23 डिसेंबरला, नक्षलवाद्यांनी तिथे डझनांनी वाहनं जाळली. 2021 पासून खाण सलग चालू आहे. डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, इलाख्यातल्या गावांची माणसं चालत येतात, आणि पूजेइतकीच तिथे ग्रामसभांची चर्चा होते: खाण नको, जंगल आमचं. दुसरीकडे मामांचे जुने विद्यार्थी खाणीत कामाला आहेत, महिन्याला पगार घेतात, आणि मामांना भेटायला नव्या मोटरसायकलवर येतात. मामा त्यांना चहा देतात आणि गाडीचं कौतुक करतात. मीही ज्या लॅपटॉपवर हे लिहिते तो काही मोहफुलांचा बनलेला नाही. मला यात एका बाजूला उभं राहून टाळ्या वाजवता येत नाहीत. पण एक हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय: 348 हेक्टरचा कागद 2007 मध्ये निघाला, 1,809 हेक्टरचा 2009 मध्ये, आणि दुसऱ्या कागदावर एक बांबू बाहेर न्यायला त्यानंतरही जवळपास दोन वर्षं लागली.

24 तारखेला सकाळी मोहल्ल्यातली चार पोरं पावती पुस्तक घेऊन दारात आली. अभ्यासिकेसाठी वर्गणी. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, वाचायला जागा नाही, दोन ट्यूबलाइट आणि टेबलं घ्यायची आहेत. मी पाचशे दिले आणि विचारलं, बांबू मिळेल का एक? ती एकमेकांकडे बघायला लागली. "एकच? का करता जी?" चांदणी करायची आहे म्हटलं. शाळेत असताना चंद्रपुरात चर्चसमोरून जाताना पाहिलेली, कामट्यांची, पाच टोकांची, आत दिवा. आकाशकंदिलासारखीच, फक्त टोकं वेगळी.

त्यातल्या एकाच्या गावच्या ग्रामसभेनं बांबू तोडून ढीग लावला होता. आम्ही दुपारी मोटरसायकलवर गेलो. समितीच्या माणसानं ढिगातला एक सरळ बघून काढला, पैसे घेतले, आणि मी काही न मागता पावती फाडून दिली. पावतीवर ग्रामसभेचा शिक्का, नग 1. मी मागे बसून वीस फुटी बांबू आडवा धरून आले, रस्ताभर ट्रकवाले हॉर्न देत होते.

कामट्या पोरांनीच काढल्या, माझ्या हाताला एक फास लागली ती अजून दुखते. संध्याकाळी चांदणी लागली, थोडी वाकडी. टीम लीडला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, सुंदर आहे, पण झाड कुठंय? मी लिहिलं, 2017 पर्यंत हेच झाड होतं. तिनं प्रश्नचिन्ह पाठवलं. सुट्टी संपल्यावर कॉलवर सांगेन म्हटलं.

उरलेला बांबू मामांनी अंगणात उभा केला. वालाचा वेल बरेच दिवस कुंपणावरच पसरत होता, त्याला चढायला काहीतरी हवंच होतं.