मांजराची ॲलर्जी

मांजराची ॲलर्जी म्हणजे मांजराच्या त्वचेत व लाळेत तयार होणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना मानवी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेला अतिरेकी प्रतिसाद होय. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. मराठीत त्यासाठी ‘अधिहृषता’ ही पारिभाषिक संज्ञा आहे. बोलीतील ‘वावडे’ हा शब्द मुख्यतः खाद्यपदार्थांच्या संदर्भात वापरला जातो. हा विकार संसर्गजन्य नाही. मांजरापासून माणसाला होणारे गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग असून त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही.

कारण

‘मांजराच्या केसांची ॲलर्जी’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो, पण तो दिशाभूल करणारा आहे. खरे कारण केस नसून मुख्यतः ‘फेल डी १’ हे प्रथिन असते. (मांजराच्या ‘फेलिस डोमेस्टिकस’ या शास्त्रीय नावावरून हे नाव पडले.) ते त्वचेतील तैलग्रंथींत आणि लाळग्रंथींत तयार होते. मांजर अंग चाटते तेव्हा लाळ केसांवर वाळते आणि त्वचेच्या सूक्ष्म कोंड्याबरोबर हे प्रथिन हवेत मिसळते. त्याचे अनेक कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असल्याने ते हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासनलिकांमध्ये खोलवर पोहोचतात. ते कपड्यांनाही चिकटतात. त्यामुळे जिथे मांजराने कधी पाऊल ठेवले नाही अशा वर्गखोल्यांमध्येही ते आढळले आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते : मांजराचे केस कापल्याने किंवा बिनकेसाची जात पाळल्याने प्रश्न सुटत नाही. ‘ॲलर्जी न होणारी’ म्हणून काही जाती महागड्या दराने विकल्या जातात. त्या दाव्याला भक्कम आधार नाही. प्रथिनाचे प्रमाण एकेका मांजरात मात्र बरेच वेगवेगळे असते. खच्ची न केलेल्या बोक्यांमध्ये ते सहसा अधिक असते व खच्चीकरणानंतर घटते.

संवेदनक्षम व्यक्तीच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ या प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात व मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा संपर्क येताच या पेशी हिस्टामिन व इतर द्रव्ये सोडतात आणि लक्षणे सुरू होतात.

लक्षणे व निदान

शिंका, नाक गळणे किंवा चोंदणे, डोळ्यांना खाज व लाली, मांजर चाटेल किंवा ओरखडेल तिथे गांधी उठणे ही नेहमीची लक्षणे होत. रात्रीचा खोकला, छातीतील घरघर किंवा धाप ही दम्याची चिन्हे असू शकतात. त्यांना ‘साधी सर्दी’ समजणे धोक्याचे ठरते. घरात सतत मांजर असलेल्या काहींना त्रास जाणवत नाही, पण शिक्षणासाठी काही महिने बाहेर राहून परतल्यावर तो एकाएकी सुरू होतो.

निदानासाठी त्वचेवर टोचून चाचणी करतात. १५ ते २० मिनिटांत तेथे गांध उठते का, हे पाहिले जाते. हिस्टामिनविरोधी औषधे त्यापूर्वी काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात. रक्ततपासणीचाही पर्याय आहे. मात्र केवळ चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजार आहे असे नव्हे. लक्षणांशी तिचा मेळ बसावा लागतो.

घरातील उपाय

मांजराला झोपण्याच्या खोलीत मुळीच येऊ न देणे हा सर्वांत सोपा आणि तरीही सर्वांत कमी पाळला जाणारा नियम होय. गादी, उशी, गोधडी, कापडी सोफा, जाड पडदे व गालिचे ही या प्रथिनाची कोठारे आहेत. अंथरूण-पांघरूण वरचेवर धुवावे, गाद्यांना घट्ट विणीची आवरणे घालावीत. कोरड्या केरसुणीने झाडल्यास बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसणे बरे. आणि ते काम शक्यतो ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने करावे. सूक्ष्म कण अडवणारी हवाशुद्धीकरण यंत्रे हवेतील कण कमी करतात, गादीतील नाही. मांजराला अंघोळ घातल्यास प्रमाण घटते खरे, परंतु काही दिवसांतच ते पूर्ववत होते; मांजराचा विरोध पाहता हा उपाय फारसा व्यवहार्य नाही.

औषधोपचार

सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी शिंका व खाज आटोक्यात येते. सेटिरिझिनने काहींना झोप येते, तेव्हा वाहन चालवणाऱ्यांनी जपावे. चोंदलेल्या नाकावर स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी असला तरी तो नियमित घ्यावा लागतो. दम्यासाठी ओढून घ्यायच्या औषधांविषयी, म्हणजे बोलीभाषेतील ‘पंपा’विषयी, ‘त्याची सवय लागते’ असा गैरसमज आहे. त्यापायी अनेक पालक मुलांचे औषध मध्येच बंद करतात आणि दमा बळावतो. ही औषधे व्यसन लावत नाहीत.

प्रतिकारक्षमता उपचारात ॲलर्जीजनक द्रव्याची मात्रा इंजेक्शनद्वारे हळूहळू वाढवत नेतात. तो साधारण ३ ते ५ वर्षे चालतो. तीव्र प्रतिक्रियेचा संभव असल्याने प्रत्येक इंजेक्शननंतर किमान अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. दमा आटोक्यात नसताना हा उपचार करत नाहीत.

मांजर दूर करणे

उपाय व औषधे करूनही दमा आटोक्यात येत नसेल, विशेषतः रुग्ण लहान मूल असेल, तर मांजरासाठी दुसरे घर शोधणे हाच योग्य मार्ग ठरतो. त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देण्याची जुनी रीत क्रूर आहे. योग्य कारणाविना प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. मांजर गेल्यानंतरही घरातील प्रथिनाचे प्रमाण ओसरायला अनेकदा ४ ते ६ महिने लागतात. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात फरक पडला नाही म्हणून मांजर निर्दोष होते असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि या काळात औषधेही चालू ठेवावी लागतात.